स्ट्रीटसाठी छोटी लेन्स हवीये: २७ पॅनकेक घेऊ की २३ एफ २?

पायवाट

नमस्कार मंडळी, फुजीची एक्स-टी३० वापरतेय आणि तिच्यावर कायम १८-५५ झूम असते. लेन्स चांगलीच आहे, फोटोच्या क्वालिटीबद्दल काही तक्रार नाही, पण रस्त्यावर फोटो काढायला लागल्यापासून तिचा आकार नडायला लागलाय. बॉडी ३८३ ग्रॅमची आणि लेन्स ३१० ग्रॅमची, म्हणजे जवळपास कॅमेऱ्याइतकंच वजन पुढे लटकलेलं, त्यामुळे रोजच्या पर्समध्ये कॅमेरा टाकायचा म्हटलं की नको वाटतं आणि तो घरीच राहतो. दुसरं म्हणजे कोपऱ्यावर काहीतरी छान घडत असतं आणि मी झूम पुढे-मागे करत बसते, तोवर ते संपलेलं असतं.

म्हणून आता एक छोटी प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची) घ्यायची ठरवलंय, एकच, दोन घेणं शक्य नाही. वाचून वाचून यादी अशी झालीये: २७ एफ २.८ पॅनकेक (म्हणजे चपटी), २३ एफ २, १८ एफ २ आणि ३५ एफ २ (पहिला आकडा फोकल लेंथचा, तो मोठा तितकी नजर अरुंद; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). २७ बघून जीव अडकलाय कारण ती फक्त २३ एमएम जाड आहे, पण तीन शंका आहेत. मी बरेचदा संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर फोटो काढते, तेव्हा एफ २.८ पुरेल का? यातल्या एकाही लेन्सला स्टॅबिलायझेशन नाही आणि बॉडीतही नाही, त्याने अडेल का? आणि खरं सांगायचं तर अनोळखी माणसांच्या फार जवळ जायला मला अजून धीर होत नाही, मग ३५ घेऊन लांबूनच काढलेले बरे का?

उभाआडवा

ताई, लेन्सची नावं जरा बाजूला ठेवा आणि आधी हे बघा की फोटो काढताना तुम्ही माणसापासून साधारण किती लांब असता. स्ट्रीटमध्ये फोकल लेंथ निवडायची म्हणजे स्वतःचं अंतर निवडायचं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तुमच्या सेन्सरवर कॅमेरा आडवा धरून तीन मीटरवरून बघितलंत तर उंचीला किती मावतं ते सांगतो. १८ ने साधारण २.६ मीटर, २३ ने २ मीटर, २७ ने १.७ मीटर आणि ३५ ने जेमतेम १.३ मीटर. म्हणजे तीन मीटरवर उभा असलेला माणूस २३ मध्ये डोक्यावर नि पायाखाली थोडी हवा ठेवून बसतो, २७ मध्ये काठोकाठ भरतो आणि ३५ मध्ये गुडघ्यापाशी कापला जातो. ३५ ने अख्खा माणूस घ्यायचा तर साडेचार मीटर मागे सरकायला लागतं आणि भरल्या फुटपाथवर साडेचार मीटर मोकळे कुठून मिळणार, मधून कोणीतरी जाणारच, मग तुम्ही वाट बघत राहणार आणि तेवढ्यात तो माणूस वळून निघून जाणार.

धीर होत नाही म्हणून ३५ घ्यायची हे मला पटत नाही. लांबून घेतलेल्या फोटोत लांबून बघितल्यासारखंच दिसतं, मागची दुकानं-भिंती माणसाला चिकटतात, आणि ज्या गर्दीत तो उभा होता ती गर्दीच फ्रेममधून गायब होते. ३५ वाईट नाही, चेहरा, हात, खिडकीतला माणूस असं निवडून घ्यायची नजर असेल तर ती हवीच. स्ट्रीटचा मोठा फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने आपलं बहुतेक काम ५० एमएमने केलं आणि तुमच्या सेन्सरवर (तो फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान आहे) ५० ची नजर म्हणजे हीच ३५. उलट दुसरा फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड २८ वाला, म्हणजे तुमची १८. दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघा, फ्रेममध्ये किती माणसं आहेत आणि ती एकमेकांपासून किती सुटी आहेत एवढंच बघा, कुठली नजर आपली हे आपोआप कळायला लागेल.

माझं मत २३ किंवा २७. दोघींत फरक छोटा वाटतो पण रस्त्यावर एक पाऊल म्हणजे पुष्कळ असतं.

मंदप्रकाश

मी सरळ २३ एफ २ म्हणेन आणि कारण एकच, संध्याकाळ.

चालणारा माणूस कडक थांबवायचा तर शटर कमीत कमी १/२५० सेकंद ठेवायला लागतं, घाईत चालणारा किंवा सायकलवाला असेल तर १/५००. दिवे लागायच्या सुमाराला १/२५० ला एफ २.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) ६४०० लागत असेल तर एफ २ वर तोच फोटो ३२०० ला निघतो, पूर्ण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड. एक्स-टी३० चा सेन्सर ६४०० ला चालतो, मी नाही म्हणत नाही, पण सावलीतले चेहरे नंतर उजळायला गेलात की ३२०० आणि ६४०० मधला फरक दिसतोच. आणि तुमची झूमसुद्धा १८ वर एफ २.८ आहे, पुढे हळूहळू कमी होत जाते, म्हणजे २७ पॅनकेक घेऊन उजेडाच्या बाबतीत तुम्ही आहात तिथेच राहणार.

स्टॅबिलायझेशनची काळजी करूच नका. ते तुमचा हात हलतो त्यासाठी असतं, समोरचा माणूस हलतो त्याला ते काही करत नाही. १/२५० ला २३ एमएमची लेन्स हाताने हलत नाही.

२३ एफ २ चं वजन १८० ग्रॅम, फोकस आतल्या आत होतो त्यामुळे बाहेर काही सरकत नाही आणि आवाजही जवळजवळ नाही, अपर्चर (एफचा आकडा) बदलायची रिंग लेन्सवरच आहे त्यामुळे कॅमेरा खाली असतानाच एका नजरेत कळतं की आपण कितीवर आहोत. एक खोट आहे ती सांगून ठेवतो, अगदी जवळून, हातभर अंतरावरून एफ २ वर ती मऊ पडते. एफ ४ ला तेच कडक होतं, आणि दोन-तीन मीटरवर तर हा प्रश्नच येत नाही.

टॅबवाला

सगळे ऑटोफोकसच्या स्पीडवर बोलणार म्हणून मी आधीच मध्ये पडतो. स्ट्रीटला सगळ्यात वेगवान फोकस म्हणजे आधीच करून ठेवलेला फोकस!! कॅमेरा उचलला, दाबलं, झालं.

झोन फोकसिंग म्हणतात त्याला, एकदा आकडे समजून घेतले की सोपं आहे. एफ ८ ठेवा आणि फोकस अडीच मीटरवर लावून सोडून द्या. २३ एमएमला साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. २७ ला १.६ पासून साडेपाच मीटर. ३५ ला मात्र १.९ ते ३.७, म्हणजे खेळायला दोन मीटरसुद्धा मिळत नाहीत. आणि १८ असेल तर फोकस दोन मीटरवर लावा, एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं आत. म्हणून वाइड लेन्सवाले रस्त्यावर इतके निवांत असतात, त्यांना फोकसचा विचारच करायचा नसतो.

हे आकडे प्रिंट बऱ्यापैकी आकाराची धरून आहेत हां, स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून पापण्या मोजणार असाल तर दोन्ही टोकं आत घ्या. फुजीच्या मेनूत डेप्थ ऑफ फील्डच्या (कुठपासून कुठपर्यंत शार्प येतं ते दाखवणाऱ्या) पट्टीसाठी पिक्सेल आणि फिल्म असे दोन पर्याय आहेत, त्यात फिल्मवाला ठेवा नाहीतर ती पट्टी इतकी बारीक दिसते की माणूस घाबरून एफ १६ ला जातो.

आता यात अडचण कुठे येते तर या छोट्या ऑटोफोकस लेन्सची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे. ती गोल गोल फिरतच राहते, टोकाला अडत नाही, लेन्सवर अंतराचे आकडे नाहीत, अंतर बघायला स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये बघावं लागतं. पर्समधून काढताना बोट लागून रिंग सरकली तर हाताला समजत नाही. म्हणून मी साधी मॅन्युअल लेन्स वापरतो, बॅरलवर मीटर कोरलेले, खाली बोटाला टॅब. टॅब मधोमध आहे म्हणजे अमुक इतके मीटर हे बोटालाच पाठ झालंय, बघावंच लागत नाही. फुजी माउंटला फोग्टलँडरची २७ एफ २ आहे बघा, मॅन्युअलच पण १२० ग्रॅम आणि साडेतेवीस एमएम लांब, म्हणजे आकाराने जवळपास पॅनकेकच, वर एफ २ पण मिळतो, आणि तिला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट असल्यामुळे फोटोच्या माहितीत अपर्चरही येतं. यादीत टाका ताई, उजेडवाल्यांचं आणि आकारवाल्यांचं दोघांचंही समाधान होईल.

मंदप्रकाश

टॅबवाला, एफ ८ चं सगळं खरं पण त्यांनी संध्याकाळ म्हटलंय. संध्याकाळी एफ ८ कुठून आणणार? एफ २.८ ला २७ एमएम अडीच मीटरवर लावली तर २.१ ते ३.१, एक मीटरची पट्टी. तेवढ्यात माणूस दोन पावलांत आत येऊन बाहेर जातो. अंधारात ऑटोफोकसच हवा.

टॅबवाला

एक मीटरची पट्टी पण पुरते हो, तुम्ही माणसामागे फोकस फिरवायचा नाही, माणूस पट्टीत आला की दाबायचं, एवढंच. उजेड असलेली जागा शोधायची, दुकानाच्या दिव्याखालचा पट्टा किंवा बस स्टॉपच्या काचेपुढचा, तिथे आधी फोकस लावून ठेवायचा आणि लोक त्यात यायची वाट बघायची. पण हां, सवय व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळात बरेच फोटो जातात हे मान्य. ताईंना रोज वापरायचा कॅमेरा आहे, ऑटोफोकस असलेली घेऊन दिवसा मॅन्युअलवर सराव करता येईल. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा आणि मागच्या एका बटणावर ऑटोफोकस द्या, अडीच-तीन मीटरवरच्या खांबावर एकदा ते बटण दाबलं की फोकस तिथेच राहतो, शटर दाबल्यावर हलत नाही. मला वाटतं दोन्हीच्या मधला हाच बरा मार्ग आहे.

पायवाट

बापरे, एवढं सगळं! उभाआडवा, ते तीन मीटरचं गणित मी लगेच करून बघितलं, बाल्कनीतून नाही, खाली जाऊन. मी स्वतःला वाटते त्यापेक्षा बरीच लांब उभी राहते, चार-पाच मीटर तरी.

मग जुन्या फोटोंची माहिती उघडून बघितली की कुठल्या फोकल लेंथला किती काढलेत. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त १८ आणि ५५! मधले फारच थोडे. आता याचा अर्थ काय लावायचा, मला १८ हवीये की ५५?

उभाआडवा

दोन्ही नाही. हे झूम वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच निघतं, कारण रिंग टोकाला जाऊन अडते. जागा कमी पडली की पूर्ण इकडे, माणूस लांब वाटला की पूर्ण तिकडे. म्हणून या आकड्यांवरून लेन्स निवडू नका. तुमच्या बाबतीत ते एवढंच सांगतात की बऱ्याच वेळा तुम्ही पाय हलवायच्या ऐवजी मनगट हलवलंय.

आता असं करा. झूम २३ वर आणा, रिंगवर कागदी टेप मारा, आणि काही दिवस तसंच फिरा. मग टेप काढून २७ वर. १८-५५ वर २७ चा आकडा छापलेला नाहीये पण २३ आणि ३५ च्या मधे, २३ च्या बाजूला थोडी, असं धरलं तरी चालेल, फोटोच्या माहितीत खात्री करा. पण टेप लावल्यावर फोटो चांगला आला का हे बघू नका. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर तुमचे पाय कुठल्या दिशेला जातात ते बघा. सारखं मागे जावंसं वाटलं तर लेन्स तुम्हाला लांब पडतेय. सारखं पुढे जावंसं वाटतंय पण जात नाही आहात, असं असेल तर ते धीराचं आहे, लेन्सचं नाही, आणि तो धीर २३ वर येतो तितकाच २७ वर येतो. आणि डोळ्याला लावल्या लावल्या फ्रेम जशी मनात होती तशीच समोर आली तर विषय संपला, तीच तुमची लेन्स.

मधलाबाक

धाग्यात जरा वेगळा मुद्दा. लेन्स छोटी झाली म्हणजे आपण दिसेनासे होतो असं नाही. लोक लेन्सच्या लांबीपेक्षा तुमच्या हालचालीकडे बघतात, जो माणूस घुटमळतो, कॅमेरा अर्धा वर करतो, परत खाली घेतो, इकडे तिकडे बघतो, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. जो समोर उभा राहून शांतपणे फोटो काढतो आणि नजरानजर झाली की हसतो, त्याला बहुतेक वेळा कोणी काही म्हणत नाही. आणि कोणी नको म्हटलं तर कॅमेरा खाली, वाद नाही, दाखवून डिलीट करायची तयारी ठेवायची. लहान मुलं, आजारी माणसं, कोणी रडतंय, तिथे तर लेन्स कितीही छोटी असो, विचारल्याशिवाय नाही. हे मी मनापासून सांगतेय कारण लांबून लपून काढायची सवय एकदा लागली की ती मोडायला फार जड जातं आणि फोटोत ते लपणं दिसतं.

छोट्या लेन्सचा खरा फायदा आपल्यालाच आहे. कॅमेरा बरोबर राहतो, हात भरून येत नाही, मानेवर दिवसभर वागवता येतो. पायवाट, तुमचा कॅमेरा आत्ता घरी राहतोय हे तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे उजेडाचा एक स्टॉप आणि रोज पर्समध्ये असणं यातलं तुमच्यासाठी मोठं काय ते बघा. २३ एफ २ बॉडीच्या पुढे पाच सेंटिमीटरच्या वर येते, पॅनकेक २.३. पर्समध्ये हा फरक हाताला लागतो. मी असते तर २७.

दोनचाकी

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझी निकॉन झेड आहे, फुल फ्रेम (सेन्सर फिल्मच्या फ्रेमएवढा), त्यात असं चपटं काय मिळेल?

मंदप्रकाश

निकॉनची २६ एफ २.८ बघा, साडेतेवीस एमएम लांब आणि १२५ ग्रॅम, हीच पॅनकेक त्या माउंटला. २६ एमएम तुम्हाला फार वाइड वाटत असेल तर ४० एफ २, ती १७० ग्रॅमची, चपटी नाही पण छोटी आहे आणि संध्याकाळी कामाची. दोन्हींच्या मधे २८ एफ २.८ पण आहे. तुमच्या सेन्सरवर ४० ची नजर साधारण ताईंच्या २७ सारखी, त्यामुळे वरचं अंतराचं बोलणं तुम्हाला ४० ला लागू पडेल. फक्त झोन फोकसिंगचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, तेवढीच नजर असताना फुल फ्रेमवर पट्टी आणखी अरुंद होते, साधारण एक स्टॉप जास्त बंद करावं लागतं.

पायवाट

टेप लावून झालं. २३ वर मला फ्रेमच्या कडांना काय करायचं तेच कळेना, सारखं काहीतरी नको असलेलं आत येत होतं, आणि मी मधलाच भाग बघत होते. २७ वर डोळ्याला लावलं की जे मला दिसलेलं तेच समोर. संध्याकाळचे ६४०० वाले पण प्रिंट काढून बघितले, मला ते दाणे आवडले उलट. आणि मधलाबाक, पर्सचा मुद्दा अगदी पटला.

तर २७ नक्की. आता शेवटची शंका, जुनी २७ वापरलेली मिळतेय, आणि नवीन आवृत्ती आहे जिला अपर्चर रिंग आणि वेदर रेझिस्टन्स आहे. नवीच घ्यायला हवी का?

उभाआडवा

दोघींच्या काचा त्याच आहेत, २०१३ च्या जुन्या लेन्सचंच ऑप्टिकल डिझाइन २०२१ च्या नवीन आवृत्तीत ठेवलंय, त्यामुळे फोटोत फरक शोधत बसू नका. वजन ७८ आणि ८४ ग्रॅम. वेदर रेझिस्टन्सचा तुम्हाला उपयोग नाही कारण एक्स-टी३० ची बॉडीच सील केलेली नाहीये, पुढे कधी बॉडी बदलली तर गोष्ट वेगळी. राहिली अपर्चर रिंग. जुन्या लेन्सवर ती नाही, अपर्चर कॅमेऱ्याच्या डायलने बदलतं, चालतं व्यवस्थित, पण कॅमेरा बंद असताना कितीवर आहे ते दिसत नाही. तुम्ही एफ ८ ठेवून फिरणार आणि अंधार पडला की २.८ ला येणार, एवढेच दोन आकडे वापरणार असाल तर रिंगवाचून अडणार नाही.

वापरलेली घेताना स्वतः जाऊन कॅमेऱ्यावर लावून बघा. या लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना आत-बाहेर सरकतो, मोटारचा थोडा आवाज येतो तो नॉर्मल आहे, पण सरकताना अडखळत असेल किंवा एका बाजूला हलत असेल तर सोडून द्या, कुठेतरी आपटलेली असणार. मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेत बुरशीचे धागे नाहीत ना बघा. एक फोटो भिंतीचा, सरळ समोरून, एफ २.८ ला, आणि चारही कोपरे सारखे शार्प आहेत का तपासा, एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच तिरकी झालीये. आणि फिल्टर ३९ एमएमचा लागतो, तुमच्या झूमचा ५८ चा आहे तो बसणार नाही.

टॅबवाला

आणि ३९ चं पुढचं झाकण टिचभर असतं, रस्त्यावर पहिल्यांदा तेच हरवतं. एक साधा क्लिअर फिल्टर लावून झाकण घरीच ठेवा, कॅमेरा काढला की लगेच तयार. बाकी घेतलीत की पहिले फोटो इथे टाका, चांगले-वाईट सगळे.